ख्रिस्ती श्रद्धेतील ‘पिता’

ईश्वराला कोणत्या नात्याने हाक मारावी, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक धर्मपरंपरेने आपापल्या परीने दिले आहे. कोठे तो राजा आहे, कोठे न्यायाधीश, तर कोठे सखा. ख्रिस्ती उपासनेत ‘पिता’ या संबोधनाला मध्यवर्ती स्थान आहे. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना याच संबोधनाने सुरू होते. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ती आढळते. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींसाठी लिहिलेल्या ‘डिडाखे’ या ग्रंथात ती दिवसातून तीन वेळा म्हणण्याची सूचना आहे. इ. स. ३२५ मध्ये निकाया येथील धर्मपरिषदेने श्रद्धेचे जे अधिकृत निवेदन मान्य केले, त्याचा आरंभही सर्वशक्तिमान पित्यावरील विश्वासाने होतो.

‘अब्बा’तील जवळीक

ईश्वराचे पितृत्व यहुदी परंपरेला अपरिचित नव्हते. जुन्या करारात ते मोजक्या ठिकाणी येते आणि तेथे ईश्वर प्रामुख्याने इस्राएल या प्रजेचा पिता आहे. येशूच्या प्रार्थनेत मात्र हे नाते अत्यंत वैयक्तिक झालेले दिसते. अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत व्याकूळ होऊन प्रार्थना करताना त्याने उच्चारलेला ‘अब्बा’ हा अरामी शब्द मार्कच्या शुभवर्तमानात जसाच्या तसा जपला आहे. संत पौलानेही रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत तोच शब्द योजला आहे. लेखन ग्रीक भाषेत असूनही मूळ हाक बदलली गेली नाही, हे लक्षणीय आहे.

विसाव्या शतकात जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी या शब्दाच्या वेगळेपणाकडे लक्ष वेधले. पुढे अनेक प्रवचनांतून तो तान्ह्या मुलाचा बोबडा शब्द म्हणून सांगितला जाऊ लागला. जेम्स बार यांनी १९८८ मध्ये त्यास आक्षेप घेतला. प्रौढ माणसेही वडिलांना याच शब्दाने संबोधीत, हे त्यांनी दाखवून दिले. मराठीतील ‘बाबा’ या हाकेत जशी जवळीक आणि अदब एकत्र नांदतात, तसेच काहीसे येथे आहे.

दोन पुत्र, एक पिता

हा पिता कसा आहे, याचे सर्वांत परिचित चित्र लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात सापडते. जकातदार आणि पापी यांच्या पंक्तीला येशू बसतो, अशी कुरकुर परूशी व शास्त्री करीत होते. त्यांना दिलेले हे उत्तर होते. धाकटा मुलगा वडील हयात असतानाच वाटा मागतो, परदेशी जाऊन तो उधळतो आणि उपासमार ओढवल्यावर परततो. मजूर म्हणून ठेवून घ्या, हे वाक्य त्याने मनाशी घोळवलेले असते. पण ते उच्चारण्याची वेळच येत नाही. त्याला दुरून पाहताच वडील धावत जाऊन गळ्यात पडतात. झगा, अंगठी आणि जोडे देऊन त्याला पुन्हा पुत्राचा मान देतात.

दृष्टान्त येथे संपत नाही. इमानाने राबलेला थोरला मुलगा रागावून घराबाहेर उभा राहतो. पिता त्याचीही समजूत घालण्यास बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे मात्र सांगितलेले नाही. पित्याचे प्रेम सदाचरणाचे वेतन नव्हे, हा या कथेचा गाभा आहे. ते स्वीकारणे अपराध्यापेक्षा सज्जनालाच अधिक जड जाऊ शकते, हेही ती सुचवते.

पित्यातील माउली

रेम्ब्राँ या डच चित्रकाराने अखेरच्या वर्षांत रंगवलेले या प्रसंगाचे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. मुलाच्या पाठीवर ठेवलेल्या पित्याच्या दोन हातांपैकी एक पुरुषाचा, तर दुसरा स्त्रीचा भासतो, असे निरीक्षण धर्मगुरू हेन्री नौवेन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात मांडले. यशयाच्या ग्रंथातही ईश्वराच्या सांत्वनाला आईची उपमा आहे. ईश्वर पिता आहे, त्याहूनही अधिक माता आहे, अशा आशयाचे उद्गार पोप जॉन पॉल पहिले यांनी सप्टेंबर १९७८ मध्ये काढले होते. ईश्वर स्त्री-पुरुष भेदापलीकडचा आहे, असे कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथही सांगतो.

मराठी मनाला हे नवखे नाही. विठ्ठलाला ‘माउली’ म्हणणाऱ्या वारकरी परंपरेच्या संस्कारात वाढलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आपल्या अभंगांतून ख्रिस्तालाच माउलीच्या रूपात आळवले.

ज्यांना हा शब्द बोचतो

‘पिता’ हा शब्द सर्वांनाच दिलासा देतो, असे नाही. वडिलांचा धाक, मारहाण किंवा उपेक्षा ज्यांच्या वाट्याला आली, त्यांना हा शब्द उच्चारणेही अवघड जाते. पितृसत्तेचे समर्थन करण्यासाठी त्याचा वापर झाला, असा आक्षेप स्त्रीवादी धर्मचिंतकांनी घेतला आहे. यावर धर्मशास्त्राचे उत्तर असे, की घरच्या वडिलांवरून ईश्वराची कल्पना करावयाची नसून ईश्वराच्या करुणेवरून प्रत्येक वडिलांचे मोजमाप करावयाचे आहे. हा पिता वाटा मागणाऱ्याला जाऊ देतो, परत येण्याची सक्ती करीत नाही आणि परतलेल्याला अपमानित करीत नाही. ज्या घरात सत्ता प्रेमाची जागा घेते, त्या घराला या शब्दाचा आधार घेता येत नाही.

येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतील संबोधन ‘माझ्या’ नव्हे, ‘आमच्या’ पित्याला आहे. पिता एक म्हटला की शेजारी, परका आणि वैरीही भावंडे ठरतात. म्हणूनच या प्रार्थनेत स्वतःसाठी क्षमा मागताना इतरांना क्षमा करण्याची कबुलीही द्यावी लागते. थोरल्या मुलाला पित्याने केलेली विनंतीही हीच होती.