जामीनदार सीमेपलीकडचा

साल १९५५. तुम्ही डोईफोडियाचे, बायको बुलढाण्याकडची. सोयरीक जमली तेव्हा परमुलुख वगैरे कुणाच्या मनातही आलं नाही. तुमचं निमाड आणि तिचं वऱ्हाड एकाच मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला नकाशा बदलतो. वऱ्हाड मुंबई राज्यात जातं, तुमचा कारभार भोपाळकडे. येणंजाणं सुरूच राहतं.

वय वाढवू नका. थेट २४ ऑगस्ट १९७८ला दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात या. प्रकरण आहे मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. मोतीराम गवंडी. जामिनाचा हुकूम झालेला, पण दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर तोही नाकारला, कारण तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर रकमेवरही कडाडतात आणि या जिल्हाबंदीवरही. मोतीरामला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडा, म्हणतात. माणूस भारताचा नागरिक आहे, तहसिलीचा नव्हे, असा एकूण सूर.

आता २०२२. पोरगा हाणामारीत आत आहे. जामीन मिळालाय, जामीनदार मिळत नाही. मेव्हणा पहाटेच्या एसटीनं सातबारा घेऊन आलाय, प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून. कोर्टातला बाबू कागद उलटाही करत नाही. "लोकल लाओ. ऋण पुस्तिका किसकी है?"

"भाऊजी, जमीन काय सीमेवरून पळून जाते काय?" मेव्हणा विचारतो. तुमच्याकडे उत्तर नाही. बाहेर ओट्यावर एकजण ऋण पुस्तिका, म्हणजे मध्य प्रदेशातली जमिनीची वही, दाखवतो. आतल्या पानावर आधीच्या जमानतीचा शिक्का, शाई पसरलेली. पैसे घेऊन तो अनोळखी पोरासाठी उभा राहायला तयार. सख्खा मामा मात्र चालत नाही. स्थानिक म्हणजे भरवशाचा, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

३१ जानेवारी २०२३. सर्वोच्च न्यायालय पुन्हा सांगतं: महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं, आणि स्थानिक जामीनदाराची अट टाळावी. म्हणजे मोतीरामनंतर ४४ वर्षांनी तेच सांगावं लागलं.

वकिलाला सांगा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८४खाली अर्ज टाका (आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ४४०). जामिनाची रक्कम अवाच्या सवा नसावी, हे त्यातच लिहिलंय. मागणी साधी ठेवा: रक्कम कमी करा, मामाचा जामीन घ्या, नाहीतर जातमुचलका. पोराची मजुरी आणि घरात खाणारी तोंडं किती, तेही लिहा. सातबारा जोडाच.