तंतुकणिका-प्रत्यारोपण आणि मेंदूवरील आघात : एका वैद्यकीय कल्पनेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

डोक्याला जबर मार लागल्यावर मेंदूची हानी दोन टप्प्यांत होते. पहिली हानी आघाताच्या क्षणीच घडते. दुसरी पुढील काही तास व दिवस वाढत राहते. या दुसऱ्या टप्प्यात चेतापेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, तो शोषून घेताना निकामी होतात आणि ऊर्जेअभावी पेशी मरतात. निरोगी तंतुकणिका बाहेरून पुरवून या पेशी वाचविता येतील काय, या प्रश्नातून तंतुकणिका-प्रत्यारोपणाची कल्पना पुढे आली. प्रस्तुत लेखात या कल्पनेच्या जडणघडणीचा आढावा घेऊन तिच्या मूल्यमापनाच्या निकषाचा विचार केला आहे.

कल्पनेचा उगम

१८९० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड आल्टमान यांनी पेशीतील या कणांना स्वतंत्र सजीव घटक मानले. १८९८ मध्ये कार्ल बेंडा यांनी ‘तंतू’ व ‘कण’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यांना आजचे नाव दिले. मराठीतील ‘तंतुकणिका’ हा त्याचाच प्रतिशब्द होय. १९४८ मध्ये होजबूम, श्नायडर व पॅलाडे यांनी उंदराच्या यकृतातून अखंड तंतुकणिका साखरेच्या द्रावणात वेगळ्या केल्या. त्या पेशीबाहेर काढता येतात, हे यामुळे सिद्ध झाले. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी तंतुकणिका या प्राचीन जीवाणूंच्या वंशज असल्याचा सिद्धांत मांडला आणि आल्टमान यांचा उपेक्षित विचार निराळ्या रूपात पुन्हा प्रतिष्ठित झाला. १९८२ मध्ये क्लार्क व शे यांनी वेगळ्या काढलेल्या तंतुकणिका दुसऱ्या सस्तन पेशींत शिरू शकतात, असे दाखविले.

प्रयोगशाळेतून रुग्णालयाकडे

२००९ मध्ये जेम्स मॅककली व सहकाऱ्यांनी रक्तपुरवठा खंडित झालेल्या सशाच्या हृदयात तंतुकणिका टोचून हृदयाचे कार्य सुधारल्याचे नोंदविले. २०१७ मध्ये बोस्टन येथील पाच बालहृदयरुग्णांवर त्यांच्याच स्नायूंतील तंतुकणिका वापरून केलेल्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पाचपैकी चौघांचा यांत्रिक आधार काढता आला. मात्र तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता.

मेंदूच्या संदर्भात २०१६ चे संशोधन महत्त्वाचे ठरले. पक्षाघात झालेल्या उंदरांच्या मेंदूत अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी आपल्या तंतुकणिका चेतापेशींना देतात, असे हायाकावा व सहकाऱ्यांना आढळले. म्हणजे उपचार म्हणून जे योजिले जात होते, ते निसर्गात काही प्रमाणात घडतच होते. आघातजन्य इजेबाबतचा पुरावा मात्र प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांतूनच आलेला आहे.

आक्षेप आणि पूर्वानुभव

२०१८ मध्ये बर्टेरो, माक व ओ’रूर्क यांनी मूलभूत आक्षेप घेतला. पेशीबाहेरील कॅल्शियमचे प्रमाण पेशीच्या आतल्यापेक्षा हजारो पटींनी अधिक असते. अशा वातावरणात टोचलेल्या तंतुकणिका कार्यक्षम कशा राहतील? त्याच वर्षी मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऊतींची ऊर्जानिर्मिती सुरुवातीस सुधारली, परंतु हालचालींत दीर्घकालीन सुधारणा दिसली नाही.

मेंदूच्या आघाताचा इतिहास हीच सावधगिरी शिकवितो. स्टेरॉइड औषधे अनेक वर्षे दिली जात होती. २००४ मध्ये १०,००८ रुग्णांवरील ‘क्रॅश’ चाचणीत मात्र स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के, तर न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावल्याचे आढळले. प्राण्यांत गुणकारी ठरलेले प्रोजेस्टेरॉनही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत निष्फळ ठरले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पेशीतील ऊर्जा वाढणे आणि रुग्ण बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे मोजमाप प्रयोगशाळेत काही तासांत होते. दुसरीसाठी रुग्णाचे चालणे, बोलणे, स्मरण व स्वावलंबन अनेक महिने तपासावे लागते. तंतुकणिका-प्रत्यारोपणाचा सैद्धांतिक पाया शतकाहून अधिक काळाच्या संशोधनावर उभा आहे, म्हणून ते त्याज्य ठरत नाही. तथापि, ‘क्रॅश’ चाचणीत जे उशिरा उमगले, ते येथे आधीच तपासणे अगत्याचे आहे. शुद्ध हरपलेला रुग्ण स्वतः संमती देऊ शकत नाही. त्याच्या वतीने आशा बाळगणाऱ्या वैद्यकशास्त्राची जबाबदारी म्हणूनच अधिक मोठी ठरते.