छपराखालचा संघ

बोईसर स्टेशनातून बाहेर पडून तुम्ही तारापूरच्या रस्त्याला लागलात, की कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. त्या संपतात न संपतात तोच एखाद्या गावाचे मैदान लागते. हिवाळ्यातल्या शनिवारी रात्री तेथे चार खांबांवर दिवे टांगलेले दिसतील. खाली पाणी शिंपून, चोपून घट्ट केलेली माती, तीवर चुन्याच्या रेघा आणि रेघांभोवती सारा गाव. पाळी सुटलेले कामगार जेवणाचा डबा हातात घेऊन तसेच उभे असतात. सामना कबड्डीचा. गावातली जुनी माणसे अजून हुतूतूच म्हणतात.

या मातीवर वाढलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. वडील कंत्राटी कामाला, आई मासळी विकणारी. पोरगा चढाईला निघाला, की समोरचे सातही जण निदान रेषेमागे सरकत. काही वर्षांपूर्वी एका निवड चाचणीसाठी तो जन्मात पहिल्यांदा बंदिस्त सभागृहात, मॅटवर उतरला. परत आला तो मान खाली घालून. म्हणाला, “सर, मातीत पाय घसरवून वळायची सवय. मॅट पायाला धरूनच ठेवते हो. वळायला गेलो आणि गुडघा मुरगळला.” निवड अर्थातच झाली नाही. त्या निवडीवर पुढे कुठेतरी नोकरी लागेल, अशी त्याच्या घरच्यांची आशा होती. ती आशाही तिथेच राहिली.

मी इतिहास शिकवतो. मला तेव्हापासून एक प्रश्न सतावतो आहे. मैदानावरचा खेळ छपराखाली नेला, म्हणजे त्याच्याबरोबर आत कोण जाते, आणि दाराशी कोण उरते?

हा प्रश्न आपल्यालाच पडला असे नाही. अमेरिकेत तो आपल्या आधी पंचवीस-तीस वर्षे पडून गेला आहे. तिथला फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे, बरं का. लांबट चेंडू काखेत मारून धावायचे आणि प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन पाडायचे, असा तो खेळ. आपल्या पकडीचा थोरला, चिलखत घातलेला भाऊ म्हणा ना! शंभर यार्ड लांब मैदान आणि एका बाजूला अकरा गडी.

फेब्रुवारी 1981 मध्ये जिम फॉस्टर नावाचे एक गृहस्थ न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सभागृहातला सॉकरचा सामना पाहत बसले होते. सॉकर छपराखाली येऊ शकतो, तर आपला फुटबॉल का नाही, असे त्यांच्या मनात आले. हाताशी एक खाकी लिफाफा होता. त्याच्यावरच त्यांनी मैदानाची आकृती काढली. मैदान 50 यार्डांचे, गडी आठ. कडेला गादी लावलेल्या भिंती. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना ताणलेली जाळी. तिच्यावर आपटून चेंडू परत आला, तर खेळ चालूच. बहुतेक गड्यांनी चढाईही करायची आणि बचावही. हा लिफाफा प्रत्यक्षात उतरायला सहा वर्षे लागली. 1987 मध्ये चार संघांनिशी पहिला हंगाम झाला. बर्फावरच्या हॉकीसाठी बांधलेली सभागृहे उन्हाळ्यात रिकामी असत, ती या खेळाने भरली.

या संघांपैकी एकाचा इतिहास मुद्दाम सांगतो. आयोवा हे मक्याच्या शेतांचे राज्य. त्याची राजधानी डे मॉइन. तिथे 1995 मध्ये खुद्द फॉस्टर यांनीच ‘आयोवा बार्नस्टॉर्मर्स’ हा संघ उभा केला. गावोगाव विमान उतरवून कसरती दाखवणाऱ्या जुन्या वैमानिकांना तिकडे बार्नस्टॉर्मर म्हणत, त्यावरून हे नाव. मोठ्या शहरांत लाखांच्या करारावर खेळणारे संघ ते वेगळे. इथे येणारे खेळाडू म्हणजे त्या मोठ्या दारातून परत पाठवलेले, किंवा दारापर्यंतही न पोचलेले. कर्ट वॉर्नर हा असाच एक. 1994 मध्ये एका बड्या संघाने त्याला घरी पाठवले. मग हा गडी आपल्याच राज्यातल्या एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावू लागला. 1995 ते 1997 तो बार्नस्टॉर्मर्सकडून खेळला. 1996 आणि 1997 या दोन्ही वर्षी संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा हरला. पण लहान मैदानावर चेंडू झटपट फेकण्याची जी सवय वॉर्नरला तेथे लागली, ती पुढे कामी आली. जानेवारी 2000 मध्ये त्याने अमेरिकेतला सर्वांत मोठा सामना, सुपर बोल, जिंकला आणि तो त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

एवढ्यावर थांबलो, तर गोष्ट गोड होईल. पण इतिहास असा सोयीने थांबत नाही. संघ विकला गेला. 2001 मध्ये तो उचलून न्यूयॉर्कजवळ नेला आणि त्याचे नाव ‘ड्रॅगन्स’ ठेवले. डे मॉइनच्या लोकांनी सहा वर्षे घसा फोडून ज्यांना हाक मारली, ते एका सहीनिशी परके झाले. पुढे न्यूयॉर्कचा तो संघही बंद पडला. आर्थिक संकटामुळे 2009 चा हंगामच झाला नाही. 2010 मध्ये स्पर्धा पुन्हा उभी राहिली आणि 2019 मध्ये पुन्हा दिवाळखोरीत गेली. या धामधुमीत एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. डे मॉइनने आपले नाव सोडले नाही. 2008 मध्ये त्याच नावाचा संघ धाकट्या स्पर्धेत पुन्हा उतरला. 2015 पासून तो दुसऱ्या एका स्पर्धेत गेला आणि 2018 मध्ये तिचा विजेता झाला. संघ मालकाचा असेल, पण नाव गावाचे असते. गावाने ते जपले, तर संघ मरूनही उठतो.

आता हाच खेळ महाराष्ट्रात आला तेव्हा काय झाले, पाहा. 2011 मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ची घोषणा झाली. तिला पैशाचा आधार देणाऱ्या अमेरिकन मंडळींत आपला हा किराणा दुकानातला कर्ट वॉर्नरही होता. 2012 मध्ये आठ संघांचा पहिला हंगाम झाला. मुंबईचा संघ ‘ग्लॅडिएटर्स’, पुण्याचा ‘मराठाज’. अंतिम सामन्यात पुण्याने दिल्लीला 6-0 असे हरवले. म्हणजे या खेळातले आपल्याकडचे पहिले विजेतेपद पुण्याकडे आले! तुमच्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते? मलाही नव्हते. पोरांनी घाम गाळला यात शंका नाही. परंतु त्या संघामागे गल्ली नव्हती, तालीम नव्हती, “आमचा” म्हणणारा गाव नव्हता. तो क्रम पुढे वर्षानुवर्षे टिकला नाही.

कबड्डीचे तसे नाही. तिची मुळे खोल आहेत. 1923 मध्ये बडोद्यात नियम छापून हुतूतूच्या स्पर्धा झाल्या. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ जगापुढे मांडले, त्यांत कबड्डी होती. 1950 मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत खेळाला पदकाचा मान मिळाला. बुवा साळवींसारखी माणसे त्यासाठी आयुष्यभर हिंडली. पण हे सारे ज्याच्या जोरावर झाले, ते म्हणजे मंडळ. लालबाग-परळच्या गिरणगावात, कोकणातल्या वाड्यांत, आमच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत मंडळाचे नाव हेच संघाचे नाव. कर्णधार शेजारचाच, पंच ओळखीचे, आणि हरलो तर दुसऱ्या दिवशी नाक्यावर ऐकून घ्यावे लागायचे. चांगल्या खेळाडूला बँकेत, रेल्वेत, कारखान्यात नोकरी मिळे. खेळाने घर चालायचे ते असे.

मग 26 जुलै 2014 रोजी मुंबईत वरळीच्या सभागृहात प्रो कबड्डीची सुरुवात झाली. आणि योगायोग बघा. अवघ्या सहा दिवसांनी, 1 ऑगस्टला, ठाणे जिल्ह्यातून वेगळा होऊन आमचा पालघर जिल्हा जन्माला आला! छपराखालची कबड्डी आणि आमचा जिल्हा अशी ही एकाच पावसाळ्यातली भावंडे.

मॅट त्याआधीच आली होती. आता झगझगीत दिवे आले, दूरचित्रवाणी आली. फॉस्टर यांच्या लिफाफ्यासारखेच इथेही झाले. खेळ आटोपशीर आणि वेगवान करणारे नियम आले. चढाई तीस सेकंदांची. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवा, नाहीतर बाद. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली, तर एक गुण जास्त. पहिल्या तीन हंगामांत ‘यू मुंबा’ तिन्ही वेळा अंतिम सामन्यात होता. 2014 मध्ये जयपूरकडून हरला, 2015 मध्ये बेंगळुरूला 36-30 असे हरवून जिंकला, 2016 मध्ये पाटण्याकडून तीन गुणांनी हरला. त्याचा कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा. मुंबईकरांनी त्याला आपला मानले, यात वावगे काही नाही. 1 मार्च 2024 रोजी ‘पुणेरी पलटण’ने हरियाणाला 28-25 असे हरवले, तेव्हा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्याचा होता. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडून पहिल्यांदा खेळला आणि पुढच्याच वर्षी लिलावात त्याला 1 कोटी 45 लाख रुपये मिळाले. मातीवरच्या पोराला एवढे पैसे! ज्यांना हे खुपते, त्यांच्यात मी नाही. पूर्वी खेळाडूच्या वाट्याला ढाल, शाल आणि टाळ्या येत. त्यांवर गुडघ्याचे ऑपरेशन होत नाही.

तथापि हे शिखर झाले. पायऱ्यांचे काय? 2024 मध्ये युवा खेळाडूंसाठी जिल्ह्याजिल्ह्यांच्या संघांची मॅटवरची स्पर्धा पुण्यात झाली. तीत पालघरचाही संघ होता. आमची पोरे छपराखाली पोचली म्हणून आनंद वाटला. संघाचे नाव वाचले आणि हसू आले: ‘पालघर काझीरंगा रायनोज’. गेंडा आसामचा, पोरे पालघरची! इतर जिल्ह्यांच्या नावांनाही असेच कुठे अरवली, कुठे चंबळ जोडलेले. मालिकेची नावे आधी ठरलेली, जिल्हे मागाहून जोडलेले. हरकत नाही. डे मॉइनचे वैमानिक तरी शेतात थोडेच उगवले होते! नाव कुठूनही येवो, ते गावाचे होते ते गावाने हाक मारल्यामुळे. आपण त्या पोरांना हाक मारली का, हा खरा प्रश्न.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली अशी, की प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी निदान एक मॅट, तीही डोक्यावर छप्पर असलेली, असावी आणि ती संध्याकाळी मंडळांच्या पोरांना मोकळी मिळावी. जव्हार-विक्रमगडच्या मुलाने मॅट पहिल्यांदा पाहावी ती निवडीच्या दिवशी, हा न्याय नव्हे. आमच्याकडे पाऊस चार महिने. तेवढ्यापुरते तरी छप्पर हे मातीचे वैरी नाही, सोबती आहे.

दुसरी गोष्ट माझ्या विषयातली. तुमच्या गावच्या मंडळाचे जुने इतिवृत्त, स्पर्धेची कार्यक्रमपत्रिका, कडा खाल्लेला संघाचा फोटो कुणाच्या तरी माळ्यावर असेल. तो खाली काढा. फोटोत डावीकडून कोण कोण बसले आहे, हे सांगू शकणारे आजोबा असतील, तोवर ती नावे मागच्या बाजूला लिहून ठेवा. अमेरिकेतल्या एका मक्याच्या गावातला संघ कोणत्या वर्षी हरला, हे मला इथे पालघरात बसून सांगता येते, कारण तिथे कुणीतरी ते लिहून ठेवले. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावरच्या मंडळाने पहिली ढाल कोणत्या साली आणली, हे मात्र मला सांगता येत नाही.

तो मुलगा आता एका कारखान्यात कामाला आहे. गुडघा सुधारला. शनिवारी रात्री तो त्याच मातीवर लहान मुलांना पकड शिकवतो. परवा मला म्हणाला, “सर, दोन जुन्या गाद्या मिळाल्यात. मंडळाच्या खोलीत अंथरल्यात. पोरांना वळायची सवय तरी लागेल.”

मी त्याला एक कोरी वही दिली. पहिल्या पानावर मंडळाचे नाव घालायला सांगितले आहे.