सॅबॉन
* सॅबॉन : पुस्तकी मजकुरासाठी घडवलेला सेरिफ टाइप, म्हणजे अक्षरांच्या टोकांना बारीक आडवे पाय असलेला. यान चिकोल्ड यांनी आखलेला हा टाइप १९६७ मध्ये बाजारात आला. मूळ वळण सोळाव्या शतकातील क्लॉद गारामाँ यांच्या खिळ्यांचे. नाव फ्रँकफुर्टचे टाइप-ओतारी याकोब साबोन यांचे. तरुणपणी सेरिफविरहित अक्षरांचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या चिकोल्ड यांनी हे काम करावे, हे विशेष. हा टाइप मागवणाऱ्या जर्मन मुद्रकांची अट कडक होती : हातजुळणी, तसेच लायनोटाइप आणि मोनोटाइप ही जुळणीयंत्रे, या तिन्हींवर मजकूर हुबेहूब सारखा उतरला पाहिजे. लायनोटाइपच्या एकाच साच्यावर उभे आणि तिरपे अशी दोन्ही अक्षरे कोरलेली असत, त्यामुळे तिरप्यालाही उभ्याइतकीच रुंदी मिळाली. शिवाय त्या यंत्रात कुठलेच अक्षर शेजारच्याच्या हद्दीत झुकू शकत नसे. म्हणून रोमन ‘एफ’चा माथा आखडलेला आहे. सुटा पाहिला तर तो अवघडलेला वाटतो. पण सलग परिच्छेदात नजर त्यावर अडत नाही, ओळ एकसारखी, शांत दिसते. दीर्घ वाचनासाठी याहून सोसणारे रोमन अक्षर माझ्या पाहण्यात नाही. — संपादक