बहुउद्देशीय नाविक साहाय्य जहाजे

समुद्रावर संचार करणाऱ्या आरमारास इंधन, दारूगोळा, अन्न व सुटे भाग पुरविणे आणि सैन्य, वाहने व अवजड सामग्री बंदराची सोय नसलेल्या किनाऱ्यावर उतरविणे, ही दोन्ही कामे पार पाडू शकणाऱ्या जहाजांस ही संज्ञा लावतात. ही कामे परस्परांशी निगडित असली, तरी त्यांच्या गरजा भिन्न आहेत. रसद जहाजाला मोठ्या टाक्या व कोठारे लागतात आणि आरमाराबरोबर खुल्या समुद्रात राहण्याइतका वेग लागतो. अवतरण जहाजाला किनाऱ्याजवळ जावे लागते. त्यात वाहनांसाठी मोकळे मजले, सैनिकांची निवासव्यवस्था आणि छोट्या अवतरण नौका असाव्या लागतात. या भिन्न गरजांचा मेळ एकाच जहाजात घालण्याचा प्रयत्न हाच या जहाजांचा इतिहास होय.

रसदपुरवठा : शिडांच्या आरमाराला वारा विनामूल्य मिळे, वाफेच्या आरमाराला मात्र कोळशाच्या ठाण्यांवर अवलंबून राहावे लागले. १९०४ – ०५ मध्ये ॲडमिरल रझदेस्टव्हेन्स्की यांच्या अधिपत्याखाली बाल्टिक समुद्रातून पूर्वेकडे निघालेल्या रशियन ताफ्यास बहुतेक सर्व कोळसा जर्मन व्यापारी जहाजांतून मिळवावा लागला. कोठारे पुरत नसल्याने तो मजल्यांवरही रचावा लागे. सात महिन्यांच्या प्रवासानंतर मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत या ताफ्याचा विध्वंस झाला. पराभवाची कारणे अनेक होती. तथापि स्वतःची रसदव्यवस्था नसलेले आरमार दूरच्या समुद्रात किती परावलंबी ठरते, हे या मोहिमेने दाखवून दिले.

कोळशाऐवजी तेल वापरात आल्यावर नळीवाटे इंधन भरणे शक्य झाले. १९१७ मध्ये अमेरिकेच्या मॉमी या तेलवाहू जहाजाने अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या विनाशिकांना चालू प्रवासात तेल पुरविले. या जहाजावर काम करणारे चेस्टर निमिट्झ पुढे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील अमेरिकन आरमाराचे सरसेनापती झाले. त्यांच्याच कारकीर्दीत १९४४ – ४५ मध्ये उलिथी या प्रवाळद्वीपाच्या खाजणात तेलवाहू, दारूगोळावाहू व दुरुस्ती जहाजांचा प्रचंड तळ उभा राहिला. १९६४ मध्ये सेवेत आलेल्या सॅक्रामेंटो या अमेरिकन जहाजात तेल, दारूगोळा व अन्नसामग्री एकत्र आणण्यात आली. अपुऱ्या राहिलेल्या केंटकी या युद्धनौकेचा यंत्रसंच तिला बसविल्याने ती विमानवाहू जहाजांच्या बरोबरीने धावू शकत असे.

सैन्यावतरण : २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोली येथे ब्रिटिशांनी रिव्हर क्लाइड हे कोळसावाहू जहाज मुद्दाम किनाऱ्याशी रुतविले. त्याच्या बाजूंना पाडलेल्या दारांतून सुमारे दोन हजार सैनिक उतरावयाचे होते. परंतु अरुंद फळ्यांवर येताच ते तुर्की गोळीबाराच्या माऱ्यात सापडले व मोठी प्राणहानी झाली. सैन्य वाहून नेणे आणि ते लढण्याच्या स्थितीत उतरविणे यांतील फरक या प्रसंगाने स्पष्ट केला. तिसाव्या दशकात जपानच्या भूसेनेने शिन्शू मारू हे जहाज बांधले. त्याच्या मागील दारातून सैनिकांनी भरलेल्या अवतरण नौका सरळ पाण्यात सोडता येत.

१९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सेनेला आपली बहुतेक अवजड शस्त्रे मागे टाकावी लागली. पुन्हा यूरोपात उतरावयाचे, तर रणगाडे वाहून नेणारी जहाजे हवी होती. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या उथळ मुखासाठी बांधलेल्या तीन तेलवाहू जहाजांना पुढील बाजूस दारे बसवून पहिला प्रयोग करण्यात आला. त्यानंतरच्या अमेरिकन आराखड्यात, खोल समुद्रात टाक्यांत पाणी भरून स्थैर्य मिळविणे व किनाऱ्यापाशी ते उपसून जहाज उथळ पाण्यात नेणे, अशी योजना होती. अशी एक हजारांहून अधिक जहाजे अमेरिकेत बांधली गेली. १९४३ मध्ये सेवेत आलेल्या ॲशलंड या जहाजाच्या पोटात गोदीच होती; तीत पाणी घेऊन आतील नौका तरंगत बाहेर पडत.

फॉकलंडचा अनुभव : १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनला सुमारे १३,००० किमी. अंतरावर लढावे लागले. रसद व अवतरण या दोन्ही गरजा एकाच वेळी उद्‌भवल्या आणि चाळीसहून अधिक व्यापारी जहाजे तातडीने सेवेत घ्यावी लागली. फिअरलेस व इंट्रेपिड ही गोदीयुक्त अवतरण जहाजे सेवेतून काढण्याचा विचार त्यापूर्वीच्या वर्षीच झाला होता. तीच सान कार्लोस येथील अवतरणाचा आधार ठरली. २५ मे रोजी अटलांटिक कन्व्हेयर हे मालवाहू जहाज क्षेपणास्त्राने निकामी झाले व त्यावरील बहुतेक हेलिकॉप्टर नष्ट झाली. परिणामतः सैनिकांना बेट पायी ओलांडावे लागले. ८ जून रोजी सैनिक उतरण्यापूर्वीच सर गॅलहॅड या जहाजावर बाँबहल्ला होऊन ४८ जण मृत्युमुखी पडले. सर्व सामग्री एकाच जहाजात एकवटणे सोयीचे असले, तरी ते किती धोक्याचे असते, हे या घटनांवरून दिसून आले.

एकत्रीकरणाचे प्रयोग : शीतयुद्धोत्तर काळात संरक्षणखर्च आटल्याने लहान नौदलांना प्रत्येक कामासाठी वेगळे जहाज परवडेनासे झाले. न्यूझीलंडने घेतलेले चार्ल्स अपहॅम हे व्यापारी जहाज हलके असताना फार हेलकावे खात असे. अखेर ते भाड्याने देण्यात आले व भूमध्य समुद्रात फळे वाहू लागले. २००७ मध्ये आलेल्या कँटरबरी या जहाजावर त्याच वर्षी नौका उतरविताना झालेल्या अपघातात एक नौसैनिक बुडाला व जहाजात सुधारणा कराव्या लागल्या. हेच जहाज २०११ च्या क्राइस्टचर्च भूकंपानंतर लिटलटन येथील नागरिकांना अन्न पुरवीत होते.

डेन्मार्कच्या ॲब्सालन वर्गातील दोन जहाजांत फ्रिगेटची शस्त्रे व वाहनांचा मोकळा मजला एकत्र होता; २०२० मध्ये मात्र त्यांची गणना फ्रिगेटमध्ये करण्यात आली. कॅनडाने रसद व सैन्यवहन यांसाठी आखलेली संयुक्त योजना खर्च आवाक्याबाहेर गेल्याने २००८ मध्ये सोडून दिली आणि पुढे केवळ रसद जहाजांचा पर्याय स्वीकारला. नेदर्लंड्सचे कारेल डोरमन (२०१५) हे सु. २०५ मी. लांबीचे जहाज या कल्पनेचे सर्वांत पूर्ण रूप मानता येईल. इंधन पुरविण्याचे स्तंभ, वाहनांचे मजले, हेलिकॉप्टरचा तळ व रुग्णालय त्यात आहे. काटकसरीसाठी ते विकण्याचा निर्णय २०१३ मध्ये झाला होता. तो फिरविण्यात आल्यानंतर, रीतसर सेवेत येण्यापूर्वीच, त्याने पश्चिम आफ्रिकेतील एबोला साथीसाठी मदतसामग्री नेली.

भारत : भारतीय नौदलाने ही दोन कामे प्रामुख्याने वेगळ्या जहाजांकडे ठेवली आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बझार येथे केलेल्या अवतरणात किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या खोलीचा अंदाज चुकून काही सैनिक बुडाले. दीपक व शक्ती ही रसद जहाजे २०११ मध्ये इटलीहून आली. २००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलेल्या जलाश्व (पूर्वीचे ट्रेंटन) या गोदीयुक्त जहाजाने मे २०२० मध्ये मालदीवमधून ६९८ भारतीयांना कोचीस आणले. २०२३ मध्ये विशाखापटनम् येथील हिंदुस्थान शिपयार्डकडे पाच मोठ्या रसद जहाजांची मागणी नोंदविण्यात आली.

बहुउद्देशीय जहाजामुळे खर्च व मनुष्यबळ वाचते. परंतु एक जहाज एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. ते दुरुस्तीस गेले किंवा बुडाले, तर आरमाराच्या दोन्ही क्षमता एकदम नष्ट होतात. म्हणून मोठी नौदले कामांची विभागणी पसंत करतात. लहान नौदलांपुढे मात्र एकत्रीकरण किंवा एका क्षमतेचा त्याग असे दोनच पर्याय बहुधा उरतात.