उंबऱ्याच्या आतली माणुसकी

संक्रांत जवळ आली. हळदी-कुंकवाला वाण काय लुटायचं, याचं बोलणं आमच्या गटात सुरू झालंय. त्यातच एक जुना प्रश्न पुन्हा पुढं आला. आमच्या गटाचा हिशेब एक मैत्रीण बघते. नवरा वारून तिला सहा वर्षं झाली. बचतीची पै न् पै आम्ही तिच्या भरवशावर ठेवतो. पण हळदी-कुंकवाच्या दिवशी ती आपणहून चहाच्या चुलीपाशी जाऊन बसते. आणि आम्ही तिला तिथं बसू देतो.

'सगळी माणसं सारखी' असं आम्ही मीटिंगमध्ये म्हणतो. मग हे काय? म्हणून आज मागं वळून बघू. आपल्याच भागातल्या माणसांनी हे बोलणं घरात कसं उतरवलं, ते आठवू.

जोतिराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यातलं. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. त्यांनी पुण्यात शाळा काढल्या, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण शाळेपायी १८४९ साली दोघांना वडिलांचं घर सोडावं लागलं होतं. म्हणजे पहिली किंमत घरातच मोजावी लागली.

पुढं १८६३ साली त्यांनी अडचणीत सापडलेल्या विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली. त्या काळी अशा बाईला जीव देण्यावाचून किंवा मूल टाकण्यावाचून वाट नसे. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, या दोघांनी दत्तक घेतला. लोक काय म्हणतील, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच!

१८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. माणदेशात घागरभर पाण्याची किंमत कुणाला सांगायला नको. टँकरमागं धावलेल्या बाईला कळतं की पाणी नाकारणं म्हणजे काय आणि पाणी देणं म्हणजे काय.

आता सालं नीट बघा. सत्यशोधक समाज स्थापन झाला २४ सप्टेंबर १८७३ ला. जन्मानं कुणी उच्च-नीच नाही, देव आणि माणसामध्ये मध्यस्थ नको, ही त्याची शिकवण. पण घरचा हौद त्याच्या पाच वर्षं आधीच खुला झाला होता. आधी घर, मग संस्था. त्याच वर्षी डिसेंबरात समाजानं भटजीशिवाय, थोडक्या खर्चात पहिलं लग्न लावलं.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले. अंत्ययात्रेत पुढं धरायचं मडकं, म्हणजे टिटवं, यशवंतानं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या पुढं चालल्या. नवरा गेल्याच्या दिवशी बाईनं कोपऱ्यात बसायचं, ही रीत. त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. पुढं १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करतानाच त्या गेल्या.

दुसरी गोष्ट साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथं वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. घर चालवत होत्या लक्ष्मीबाई. धान्य संपलं तेव्हा त्यांनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. नवरा हयात असताना! सौभाग्याच्या लेण्यापेक्षा उपाशी पोरांचं पोट त्यांना मोठं वाटलं. आपण मात्र त्याच मण्यांवरून ठरवतो की कुंकू कुणाला लावायचं.

अगदी अलीकडची गोष्ट. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. चांगलं झालं. पण ठराव ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहतो. कुंकवाचा करंडा आपल्या हातात असतो.

हे सगळं बोलून आम्ही त्या मैत्रिणीच्या घरी गेलो. ती म्हणाली, "मला चालेल गं, पण तुमच्या सासवांना चालेल का?" आम्ही गप्प झालो. कारण आमच्यातल्या दोघींच्या मनातही भीती होती, आपल्या घरात काही वाईट तर होणार नाही ना? ही भीती खोटी आहे, हे डोक्याला कळतं. हाताला कळायला वेळ लागतो.

तरी आम्ही ठरवलंय. या संक्रांतीला तिला चुलीपाशी जाऊ द्यायचं नाही. तिला आमच्यातच बसवायचं. तिची इच्छा असेल तर तिला कुंकू लावायचं आणि तिच्या हातूनही लावून घ्यायचं. नको म्हणाली तर बळजबरी नाही, तिचा मान तिच्या मर्जीप्रमाणं. वाण मात्र तिलाही द्यायचं. सासूबाईंशी आम्ही ज्या त्या घरी आधीच बोलणार आहोत.

तुमच्या गटातही चहाच्या चुलीपाशी कुणी बसत असेल. पुढच्या मीटिंगला हा विषय काढा. आणि तो तिच्या पाठीमागं नको, तिच्यासमोर काढा.