'कुंडे' की 'कुंडिन'? जर्मनीतील एका खातेदार स्त्रीचा दावा आणि भाषेचा प्रश्न

जर्मन भाषेत व्यक्तिवाचक नामाला 'इन' हा प्रत्यय जोडला की ते स्त्रीलिंगी होते. 'कुंडे' म्हणजे ग्राहक, 'कुंडिन' म्हणजे स्त्री ग्राहक. प्रत्यय जुना आहे, व्याकरणसंमत आहे आणि भाषा शिकणाऱ्याला पहिल्या काही धड्यांतच भेटतो. तरीही आपल्या बचत बँकेने छापील अर्जांत हाच शब्द वापरावा, यासाठी सारलँडमधील मार्लीस क्रेमर यांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

बँकेच्या अर्जांत ग्राहक, खातेधारक, बचतदार असे सारे उल्लेख पुल्लिंगी होते. स्थानिक न्यायालयाने दावा फेटाळला. पुल्लिंगी रूप दोन हजार वर्षांपासून स्त्रीपुरुष दोघांसाठी वापरले जाते, असे अपिलात ऐकवले गेले. 13 मार्च 2018 रोजी कार्ल्सरूहे येथील संघीय सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेही क्रेमर यांच्या विरोधात निकाल दिला. त्या वेळी त्या 80 वर्षांच्या होत्या. पुल्लिंगी रूपात स्त्रियाही सामावलेल्या असतात, कायद्यांतही तीच पद्धत आहे आणि बँक वैयक्तिक पत्रांत त्यांना 'फ्राउ' म्हणूनच संबोधते, त्यामुळे हक्कभंग होत नाही, असा या निकालाचा आशय होता. 2020 मध्ये संघीय घटना न्यायालयाने त्यांची तक्रार दाखलच करून घेतली नाही. जर्मन राज्यघटनाही सामान्य पुल्लिंगाचा वापर करते, या मुद्द्याचा प्रतिवाद तक्रारीत पुरेसा केलेला नाही, असे कारण देण्यात आले.

घटनेचा दाखला मात्र थोडा विचित्र आहे. घटनेत पद 'बुंडेसकान्सलर' असे पुल्लिंगीच आहे. तरीही 2005 मध्ये अँगेला मेर्केल सत्तेवर आल्या तेव्हा त्यांना 'बुंडेसकान्सलरिन' म्हणण्यात कोणाला अडचण वाटली नाही. उलट तो त्या वर्षाचा जर्मन शब्द ठरला. देशाच्या प्रमुखपदी बसलेल्या स्त्रीला प्रत्यय सहज मिळाला, बचत खाते असलेल्या स्त्रीला नाही.

हा वाद नवा नाही. अविवाहित स्त्रीसाठीचे 'फ्रॉइलाइन' हे संबोधन 'फ्राउ'चे लघुत्वदर्शक रूप असून व्याकरणाने नपुंसकलिंगी आहे. 1972 मध्ये हान्स-डीट्रिख गेन्शर यांच्या गृहमंत्रालयाने संघीय कार्यालयांतून ते हद्दपार केले. लुइझे पुश यांचे जर्मनला 'पुरुषांची भाषा' ठरवणारे पुस्तक 1984 चे. हवामान नकाशावर कमी दाबाच्या पट्ट्यांना, म्हणजे वादळपावसाला, स्त्रियांची नावे आणि स्वच्छ उन्हाला पुरुषांची नावे देण्याची रीत होती. 1998 पासून ती दरवर्षी आलटून पालटून दिली जातात. या मागणीसाठीही क्रेमर झगडल्या होत्या.

आज या विषयावरचा राग प्रामुख्याने तारकाचिन्हावर निघतो. शब्दाच्या मध्ये तारका किंवा विसर्गासारखी दोन टिंबे घालून सर्व लिंगांना सामावून घेण्याची लेखनपद्धती अनेकांना कृत्रिम वाटते. जर्मन शुद्धलेखन परिषदेने तिला नियमांच्या गाभ्यात स्थान दिलेले नाही आणि बायर्नने एप्रिल 2024 पासून शाळा व सरकारी कार्यालयांत तिच्यावर बंदी घातली. वाचनाची अडचण हा आक्षेप गैर म्हणता येणार नाही. पण क्रेमर यांनी तारका मागितलीच नव्हती. त्यांनी शब्दकोशातला, रोजच्या बोलण्यातला शब्द मागितला होता. 'भाषेची मोडतोड नको' हा युक्तिवाद त्यांच्या मागणीला लागूच पडत नाही. तरी दोन्ही प्रश्न एकाच मापाने मोजले जातात, आणि या गफलतीचा लाभ ज्यांना काहीच बदलायचे नाही त्यांना होतो. 'म्हणताना स्त्रिया अभिप्रेत असतातच' हे वाक्यही बहुधा त्यांच्याच तोंडी असते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. मराठीत मुलगे आणि मुली मिळून 'मुले' होतात, तेही नपुंसकलिंगी. जर्मनमध्येही 'मुले' या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगीच आहे. पण भित्र्या पुरुषाला 'बांगड्या भर' म्हणताना आपण व्याकरणाचा आडोसाही घेत नाही. 'कु.', 'सौ.' आणि 'गं. भा.' ही संबोधने स्त्रीचे नाव सांगण्याआधी तिच्या नवऱ्याची स्थिती सांगतात. पुरुषाला मात्र लग्नाआधी, लग्नानंतर आणि पत्नीनिधनानंतरही 'श्री.' पुरतो. एप्रिल 2023 मध्ये महाराष्ट्राचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा प्रस्ताव पुढे केला, तेव्हा त्यावर तीव्र टीका झाली आणि असा कोणताही निर्णय झालेला नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. शब्द सौम्य होता, हेतूही कदाचित चांगला असेल. पण स्त्रीची ओळख पतीच्या मृत्यूवरूनच करायची, हे त्यात बदलत नव्हते.

म्युनिक वा फ्रांकफुर्टच्या कार्यालयात अविवाहित मराठी अभियंतीला 'फ्राउ' असे संबोधले जाते, विवाहितेलाही तसेच. त्याच दोघींना भारतातून येणाऱ्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर मात्र 'कु.' आणि 'सौ.' वेगवेगळे लिहिलेले असते.